काळ्या मातीतील लोखंड

नागपूर शहराच्या मध्यभागी, सीताबर्डीच्या टेकडीपासून थोड्याच अंतरावर, धंतोली नावाची जुनी वस्ती आहे. जवळूनच नाग नदी वाहते. या भागात एखाद्या जुन्या घराच्या जागी नव्या इमारतीचा पाया खणू लागले, म्हणजे वरचा विटा-मुरमाचा भराव संपल्यावर कुदळीला काळी, चिकट माती लागते. विदर्भातील शेतकऱ्याच्या ती चांगल्या ओळखीची आहे. त्याचा कापूस याच मातीत पिकतो. वैशाखात ती दगडासारखी कठीण होते आणि तिला अशा खोल भेगा पडतात, की आत सोडलेली काठी दिसेनाशी व्हावी. पुढे मृगाच्या सरी कोसळल्या, की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि तिच्यातून चालणाऱ्याची वहाण ती पायातून ओढून घेते.

अशा मातीच्या पोटात लोखंड पुरून ठेवले, तर त्याचे काय होईल? प्रश्न साधा वाटतो. परंतु नागपूरच्या परिसरातच त्याची दोन उत्तरे सापडतात, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिले उत्तर पाहण्यासाठी शहर सोडून काटोल रस्त्याने वायव्येकडे जावे लागते. त्या बाजूला जुनापाणी आणि माहूरझरी ही गावे आहेत. तेथील माळावर मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून ठेवलेले दिसतात. गुराख्यांना त्यांचे काही विशेष वाटत नाही. पण ही शिळावर्तुळे म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या दफनाच्या जागा होत. मृत मनुष्याबरोबर त्याची भांडी व हत्यारे ठेवावयाची आणि वर्तुळ माती व गोटे यांनी भरून टाकावयाचे, अशी त्यांची रीत होती. १९७० ते १९७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांनी माहूरझरी येथे उत्खनन केले, तेव्हा या वर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांच्या लगामांचे लोखंडी भाग निघाले. हे लोखंड त्यांनी कोठून आणले असेल? त्याचेही उत्तर पुढे मिळाले. पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीच्या परिसरात नैकुंद नावाचे गाव आहे. १९७८ ते १९८० या काळात डॉ. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा लोखंड गाळण्याची एक भट्टीच त्यांच्या हाती लागली. म्हणजे विदर्भातील लोहार बुद्धाच्या काळाच्या आगेमागे आपल्याच मातीत लोखंड गाळत होते.

त्या कुऱ्हाडी आज चकचकीत राहिलेल्या नाहीत, हे सांगावयास नकोच. त्यांच्यावर गंजाचा जाड कवच चढलेला असतो आणि कित्येक वस्तूंत तर आतले लोखंड पुरते संपून नुसती गंजाची आकृती उरलेली असते. तरीही काहींचा गाभा अद्याप धातूचाच आहे. अशा अवजारांचा बारीकसा छेद घेऊन शास्त्रज्ञांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा काहींच्या धारेला पोलाद आढळले. अडीच हजार पावसाळे गेले, आणि कुऱ्हाडीची धार कशी घडविली होती, हे अजून वाचता येते!

दुसरे उत्तर मी धंतोलीतच पाहिले. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत रस्ता खणून पाण्याचा जुना पोलादी नळ बाहेर काढण्याचे काम चालले होते. नळ पुरून चाळीसएक वर्षे झाली असावीत, असे मुकादम सांगत होते. मजुरांनी दोर लावून नळाचा एक तुकडा वर घेतला. वरून पाहता तो बराच धड होता. डांबराचा लेपसुद्धा ठिकठिकाणी शाबूत होता. मग त्यांनी तो उलथा केला. खालच्या अंगाला करंगळी जाईल एवढाली भोके पडली होती. नवल असे, की भोकापासून चार बोटांवर हातोडी मारली, तर पोलाद खणखणीत वाजे. सबंध नळ झिजला नव्हता. नेमक्या काही ठिकाणीच कोणी टोच्याने टोचून काढावा, तसा तो पोखरला गेला होता.

अशा भोकातून पाणी वाया जाते, एवढेच नुकसान असते तर ते एक वेळ सोसता आले असते. पण ज्या गावांत नळाला दिवसातून काही वेळच पाणी येते, तेथे याहून वाईट गोष्ट घडते. पाणी बंद झाले, की नळातील दाब नाहीसा होतो आणि बाहेरच्या ओल्या मातीतील घाण पाणी त्याच भोकातून आत शिरते. दुसऱ्या दिवशी ते घरोघरच्या हंड्यांत जाऊन पडते. कावीळ आणि हगवण यांच्या साथी पुष्कळदा अशाच वाटेने येतात. जमिनीखालचा नळ कोणाला दिसत नाही, त्यामुळे त्याचे दुखणे प्रथम कळते ते दवाखान्यात.

आता कोडे असे, की एकाच जातीच्या मातीत एक वस्तू अडीच हजार वर्षे तग धरते आणि दुसरी चाळीस वर्षांत फुटते, हे कसे?

लोखंड गंजण्यास दोन गोष्टी लागतात : पाणी आणि प्राणवायू. दोहोंशी संयोग होऊन लोखंडाचे जे तांबूस संयुग बनते, त्यालाच आपण गंज म्हणतो. पाण्यात क्षार विरघळलेले असले, की हे काम अधिक वेगाने होते. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात. ते एकमेकांना इतके चिकटून बसतात, की त्यांच्यामधून हवा फारशी खेळत नाही. मग अशा मातीत लोखंड सुरक्षित राहावयास हवे, असे तुम्ही म्हणाल. पूर्वी पुष्कळांना तसेच वाटे.

अमेरिकेत या प्रश्नाचा फार मोठा अभ्यास झाला, आणि त्याचा आरंभ मोठा गमतीचा आहे. तेथील शहरांत विजेच्या ट्राम धावत. रुळांतून निसटलेली वीज जमिनीत शिरून नळांना खाते, अशी तक्रार होती. तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने १९१० साली तिचा तपास सुरू केला. तेव्हा जेथे ट्रामचा मागमूस नाही, अशा ठिकाणचे नळही गंजलेले दिसले. म्हणजे दोष एकट्या ट्रामचा नव्हता, मातीचाही होता. तेव्हा १९२२ सालापासून संस्थेने देशातील निरनिराळ्या मातींत धातूंचे तुकडे मुद्दाम पुरून ठेवण्यास प्रारंभ केला. काही वर्षांनी थोडे उकरावयाचे, धुऊन त्यांचे वजन करावयाचे, त्यांवरील खड्ड्यांची खोली मोजावयाची. आणखी काही वर्षांनी आणखी थोडे उकरावयाचे. असे छत्तीस हजारांहून अधिक नमुने पुरले गेले. या सर्व कामाचा वृत्तान्त मेल्व्हिन रोमॅनॉफ यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. ज्यांनी पहिले तुकडे पुरले, त्यांतील कित्येकांना शेवटचे तुकडे उकरलेले पाहावयास मिळाले नसतील. या अभ्यासात दिसले ते असे, की मोकळ्या, हवेशीर मातीत लोखंड आरंभी झपाट्याने गंजते, पण पुढे गंजाचा थर साचून वेग मंदावतो. हवा कोंडलेल्या चिकणमातीत मात्र पडलेला खड्डा वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच वेगाने खोल होत जातो.

याचे मर्म केंब्रिजच्या यू. आर. एव्हान्स या शास्त्रज्ञाने याच सुमारास उलगडून दाखविले. लोखंडाच्या एकाच तुकड्याच्या एका भागाला हवा पुष्कळ आणि दुसऱ्या भागाला कमी मिळाली, की त्या दोन भागांमध्ये विजेचा बारीकसा प्रवाह सुरू होतो. तुकडा जणू स्वतःच विजेरीतील घट बनतो. आणि यात झिजतो कोण? ज्याला हवा भरपूर मिळते, तो भाग नव्हे. ज्याला हवा कमी मिळते, तोच झिजतो! ही गोष्ट प्रथम ऐकली, की मनाला पटत नाही. पण धंतोलीतील तो उलथा केलेला नळ आठवा. नळ टाकताना चर खणतात, नळ तळाच्या न उकरलेल्या, दाट, ओल्या मातीवर टेकवितात आणि वरून उकरलेली भुसभुशीत माती लोटून देतात. पाठीला हवा मिळते, पोटाला मिळत नाही. म्हणून पोट पोखरले जाते.

तुम्हांला हे घरीही पाहता येईल. साध्या लोखंडी पत्र्याचा हाताएवढा तुकडा पॉलिश कागदाने घासून लख्ख करा. तो उथळ ताटलीत ठेवा आणि त्याच्या मधोमध काळ्या मातीचा लिंबाएवढा गोळा, मिठाच्या पाण्यात कालवून, घट्ट दाबून बसवा. पत्रा जेमतेम बुडेल एवढेच मिठाचे पाणी ताटलीत ओता आणि ते आटू देऊ नका. आठ-दहा दिवसांनी गोळा काढून पत्रा धुऊन पाहा. मातीखाली झाकलेला भाग खरवडल्यासारखा काळवंडून खडबडीत झालेला आढळेल.

आता कुऱ्हाडीकडे वळू. कुऱ्हाड वीतभर लांब, नळ कोसभर. नळ एका जातीच्या मातीत राहूच शकत नाही. कोठे मुरूम, कोठे चिकणमाती, कोठे गटाराशेजारची चिखलट ओल, कोठे झाडाची मुळे, असा तो शहरभर हिंडतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला मिळणारी हवा वेगळी असते. त्याच्या अंगातून सतत प्रवाह वाहत राहतात. कुऱ्हाड मात्र वर्तुळाच्या पोटात चहूबाजूंनी सारख्याच मातीने वेढलेली असते. तिच्यावर सगळीकडून सारखाच गंज चढतो, आणि तो चढलेला गंजच पुढे आतल्या लोखंडावर पांघरूण होतो. शिवाय ती कोणी उकरून पुन्हा पुरत नाही, तिच्यावरून गाड्या जात नाहीत, तिच्या शेजारी नळ ठिबकत नाही.

फ्रान्समधील संशोधकांनी शेकडो वर्षे मातीत पडून राहिलेल्या लोखंडी वस्तू मोजून पाहिल्या. त्यांचे झिजणे वर्षाकाठी सरासरी एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी चार भागांपेक्षा अधिक भरले नाही. या हिशेबाने चार मिलिमीटर जाडीचा नळ एका बाजूने हजार वर्षे खाल्ला, तरच त्याला भोक पडावे. पण तोच मारा सबंध अंगावर न पसरता एका टिकलीएवढ्या जागी एकवटला, की हजार वर्षांचे काम चाळीस वर्षांत उरकते.

आपल्या काळ्या मातीचे आणखी दोन अवगुण सांगितले पाहिजेत. एक म्हणजे तिचे फुगणे आणि आक्रसणे. नागपुरास वर्षाकाठी सुमारे एक हजार मिलिमीटर किंवा थोडा अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच. एरवी उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे दर वर्षी माती एकदा नळाला आवळते आणि एकदा त्याच्यापासून सुटते. या ओढाताणीत डांबराचा लेप फाटतो, सांधे हलतात, आणि भेगांतून ताजी हवा पुन्हा खाली जाते. पांघरूण कितीही चांगले असले, तरी दर वर्षी ओढून काढल्यावर काय उपयोग?

दुसरा अवगुण डोळ्यांना न दिसणारा आहे. हवा मुळीच नसलेल्या ओल्या चिखलातही लोखंड खाल्ले जाते, हे पाहून हॉलंडमधील दोन शास्त्रज्ञ, फॉन वोल्झोगेन क्यूर आणि व्हान डर व्ह्लुग्ट, बुचकळ्यात पडले होते. १९३४ साली त्यांनी त्याचे कारण दाखवून दिले. त्या चिखलात असे सूक्ष्म जंतू असतात, की ज्यांना प्राणवायू सोसतच नाही. ते मातीतील गंधकयुक्त क्षारांवर जगतात आणि त्यांच्या करणीने लोखंडावर काळी, ओशट पुटे चढतात. असा नळ उकरला, म्हणजे कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. अनुभवी मुकादम या वासावरूनच पुढचा नळ कसा निघणार, हे ओळखतो.

बिडाच्या नळांची गोष्ट तर याहून चमत्कारिक. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कोळशाचा अंश पुष्कळ असतो, आणि तो ग्राफाइटच्या रूपाने असतो. शिसपेन्सिलीत असते, तेच हे ग्राफाइट. चिकणमातीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बिडाच्या नळातून लोखंड हळूहळू निघून जाते आणि ग्राफाइटचा सांगाडा गंजासकट मागे उरतो. नळ दिसावयास जसाच्या तसा. घडणही तीच, जाडीही तीच. पण चाकू लावला, तर तो कापता येतो आणि त्याच्या तुकड्याने कागदावर काळी रेघ ओढता येते! असा नळ पाण्याचा दाब काही वर्षे निमूटपणे सोसत राहतो आणि एखाद्या दिवशी, वरून जड मालमोटार गेली, की एकदम फुटतो.

दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळील लोहस्तंभ गंजत नाही, असे तुम्ही वाचले असेल. जमिनीच्या वर ते बहुतांशी खरे आहे. परंतु १९६१ साली पुरातत्त्व खात्याने त्याचा जमिनीतील भाग मोकळा करून पाहिला, तेव्हा त्यावर गंजाची पुटे चढलेली होती. तो भाग साफ करून त्याला शिशाच्या पत्र्याचे वेष्टण घालावे लागले. सोळाशे वर्षे जगाला थक्क करणाऱ्या स्तंभाचीही मातीने गय केली नाही.

मग नळ वाचवावे कसे? एक उपाय लेपाचा. तो डांबराचा असो वा आजकालच्या प्लास्टिकचा. नुसत्या लेपावर मात्र विसंबता येत नाही, कारण लेपाला एके ठिकाणी जरी टोचा बसला, तरी सगळा मारा त्या एका जागी होतो. दुसरा उपाय हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांसाठी योजला होता. जस्त किंवा मॅग्नेशियम हे धातू लोखंडापेक्षा लवकर झिजतात. त्यांचा गोळा तारेने नळाला जोडून मातीत पुरला, की तो स्वतः झिजतो आणि नळाला झिजू देत नाही. गोळा संपला, की दुसरा पुरावा. अमेरिकेत १९२८ साली जमिनीतील वायूच्या नळांचे रक्षण बाहेरून विजेचा प्रवाह देऊन करण्यात आले, आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. गंमत अशी, की या मॅग्नेशियमच्या गोळ्याभोवती मुद्दाम एक फुगणारी चिकणमाती भरतात. ती ओल धरून ठेवते आणि विजेला वाट देते. जो गुण नळाला घातक, तोच येथे कामास येतो.

या फुगणाऱ्या चिकणमातीला बेंटोनाइट म्हणतात. तिच्यातील मुख्य खनिज आणि आपल्या काळ्या मातीतील खनिज एकाच कुळातले आहे. आज जगातील काही देश या मातीकडे मोठ्या आशेने पाहत आहेत, आणि त्याचे कारण नळांहून फार गंभीर आहे. अणुवीजकेंद्रांत वापरून झालेल्या इंधनाचे अवशेष हजारो वर्षे घातक राहतात. ते ठेवावयाचे कोठे? फ्रान्समध्ये ब्यूर नावाच्या गावी जमिनीखाली सुमारे ४९० मीटर खोलीवर चिकणमातीच्या खडकात प्रयोगशाळा खणलेली आहे, आणि त्या खडकात असे अवशेष पोलादी आवरणांत ठेवण्याची योजना आहे. त्यासाठी २०२३ साली रीतसर परवाना मागण्यात आला. स्वित्झर्लंडमध्येही माँ तेरी येथे १९९६ सालापासून असेच प्रयोग चालू आहेत. एवढ्या खोलीवर ना वैशाख, ना मृग. हवा नाही, भेगा नाहीत, ऋतू नाहीत. तेथे पोलाद झिजते, पण अतिशय मंद गतीने. तथापि ते हजार वर्षांत किती झिजेल, हे तीस वर्षांच्या प्रयोगावरून सांगणे धाडसाचे आहे. म्हणून तेथील शास्त्रज्ञ जुन्या थडग्यांतील आणि किल्ल्यांतील लोखंड हाती घेतात.

स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल येथे रोमन सैन्याची छावणी होती. सुमारे इ. स. ८७ मध्ये ती सोडून जाताना सैनिकांनी साडेआठ लाखांहून अधिक खिळे एका खोल खड्ड्यात पुरले. लोखंड शत्रूच्या हाती लागू नये, हा त्यांचा हेतू. १९६० च्या सुमारास इयान रिचमंड यांनी तो खड्डा उकरला, तेव्हा कडेचे खिळे गंजून एकमेकांना चिकटले होते आणि त्यांची एक भिंतच बनली होती. त्या भिंतीच्या आतले असंख्य खिळे मात्र जवळजवळ नव्यासारखे निघाले. बाहेरच्या खिळ्यांनी पाणी आणि हवा यांतील प्राणवायू वाटेतच संपविला होता.

मातीतून निघालेल्या लोखंडाची खरी परीक्षा मात्र ते बाहेर आल्यावर सुरू होते. गंजाच्या थरांत क्षार अडकून बसलेले असतात. उघड्या हवेत आल्यावर ते ओल ओढून घेतात आणि वस्तूच्या अंगावर पिवळसर तांबड्या पाण्याचे बारीक थेंब जमू लागतात. लोखंडाला घाम फुटला, असे वाटते. मग कपचे सुटतात. शेकडो वर्षे मातीत टिकलेली वस्तू काही महिन्यांत चुरा होऊन बशीत पडू शकते. म्हणून उत्खनन करणारे लोक लोखंडाचा तुकडा हाती येताच तो धुण्याची घाई करीत नाहीत. ते तो हवाबंद डबीत ठेवतात आणि शेजारी ओल शोषून घेणाऱ्या निळ्या खड्यांची पुरचुंडी टाकतात. खडे गुलाबी झाले, म्हणजे डबीत ओल शिरली. मग ते बदलावयाचे आणि डबी पुन्हा बंद करावयाची.